मातीला सर्वांनी यावे

आमच्या सोसायटीच्या मागे बागेसाठी सोडलेली जागा होती. बुकिंगच्या वेळी दाखवलेल्या नकाशात ती हिरवीगार होती, मधोमध एक कारंजंसुद्धा काढलेलं होतं. राहायला आलो तेव्हा तिथं राडारोडा, फुटक्या फरशा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि कमरेएवढं गाजरगवत होतं. कारखान्यांच्या या कुरुळीत आमच्यासारखे बहुतेक सगळे कंपन्यांसाठीच आलेले. माझा नवरा असेंब्ली लाइनवर, मी दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटीला. कुणाची सुट्टी गुरुवारी, कुणाची रविवारी, शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. एकाच जिन्यात राहून महिना महिना तोंड दिसायचं नाही.

बाग करायची असं कुणी ठरवलं नव्हतं. पार्किंगमध्ये एकदा साप निघाला. तेव्हा गवत तरी काढू या म्हणून आम्ही काही जणी सुट्टीच्या दिवशी मागे उतरलो. मोकळी झालेली जागा बघून समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी मसाल्याच्या डब्यातली मेथी फेकली. ती उगवली. झालं, एवढीच सुरुवात.

मग ग्रुप झाला. मी पदवीधर, मला मराठी टाइप करता येतं, म्हणून ग्रुप माझ्याकडे आला. ग्रुपवर काही टाकलं की अंगठ्यांचा पाऊस पडायचा आणि सकाळी कामाला चौघं असायची. तरी दर वेळी ती चौघं वेगळी असायची, त्यामुळे काम होत गेलं. फरशांचे तुकडे रचून वाफ्यांच्या कडा झाल्या. जुन्या गावठाणातले आप्पा रोज संध्याकाळी फिरायला यायचे. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्याच भावकीची. ते कुंपणापाशी उभे राहून चेष्टा करायचे.

"ह्यो वाफा हाय का बाथरूम? फरशी लावलीया!"

"आप्पा, नुसतं बोलू नका, आत या."

"आमी न्हाई बा. आमी जमिनी इकून मोकळं झालो. आता तुमी करा शेती!"

असं म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून गवतीचहाचा गड्डा आणून ठेवायचे.

त्याच दिवसांत मी आईला इथं आणलं. आमचं गाव लातूरकडचं, तालुक्याचं. वडील आडतीवर हमाली करायचे. त्यांच्या माघारी आई एकटीच त्या घरात राहत होती. एकदा परसात पाय घसरून पडली आणि शेजारीण ताक द्यायला आली म्हणून कळलं. पडल्या पडल्या काय केलंस असं विचारलं तर म्हणाली, "काय करणार, आभाळ बघत बसले." ते ऐकल्यावर मला तिला तिथं ठेववेना. मी परीक्षेला बसले की ही बाई गल्लीतल्या पोरांना "गप बसा रे, आमची अभ्यास करालीय" म्हणत फिरायची. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, पण तिच्यासाठी आख्खी गल्ली गप्प बसवली होती ती आईने. आता तिला सांभाळायची माझी वेळ होती.

ती आली, पण अट घालून. "दसऱ्यापोतर राहते. मग मामा न्यायला येईल."

मला वाटलं होतं, रुळेल. पण झालं उलटंच. ती आल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ वारले. आई पदर घेऊन लगेच खाली गेली. मी कंपनीतून आले तर ती गॅलरीत बसलेली होती, चहासुद्धा केलेला नव्हता.

"गाडी आली आन् घेऊन गेली," ती म्हणाली. "खांदा द्यायला माणसं हुडकावी लागली गं. बाकीची समदी गेटावर बसची वाट बघत हुभी. पाठीला पिशव्या लावून."

"आई, कंपनीत असं लगेच सुट्टी मिळत नाही."

"व्हय, त्यांचं काय चुकलं? त्यांला तरी ते कुठं ठावं व्हते." मग म्हणाली, "मला आपलं गावाकडं सोड. जगताना कुठंबी जगंल माणूस. पर मातीला चार माणसं तरी यावीत का न्हाई?"

आमच्याकडे अंत्यविधीला 'माती' म्हणतात. मातीला जाणं हे आईच्या लेखी सगळ्यात मोठं कर्तव्य. लग्न चुकलं तरी चालेल, माती चुकता कामा नये. मी तिला औषध देऊ शकत होते, ऊबदार पांघरूण देऊ शकत होते. माणसं कुठून आणणार होते?

तिला बागेत पहिल्यांदा खाली आणलं ते आमच्या मूर्खपणाने. मेथी पिवळी पडून कुजायला लागली होती आणि कारण कळत नव्हतं. एका दुपारी फर्स्ट शिफ्टहून आलेला एक जण पाइप धरून पाणी घालत होता, तेवढ्यात सेकंड शिफ्टला निघालेला दुसरा बादली घेऊन आला.

"अरे, तू का घालतोयस? आमची शिफ्ट घालते की जाताना!"

"मग सकाळी थर्ड शिफ्टवाले घालतात ते काय?"

तिन्ही शिफ्ट मेथीला पाणी घालत होत्या. प्रत्येकाला वाटत होतं, आधीच्या शिफ्टने कामचुकारपणा केला असणार. कंपनीत सवयच ती, आधीच्या शिफ्टवर विश्वास ठेवायचा नाही. आम्ही हसून हसून खाली बसलो. मग हॅन्डओव्हर ठरला. पाणी घातलं की नळाशेजारची वीट उभी करायची, दुसऱ्या दिवशी सकाळी आडवी. त्या हसण्याचा आवाज ऐकून आई गॅलरीतून डोकावली आणि "येवढं काय झालं बाई?" म्हणत खाली आली.

त्यानंतर ती रोज यायला लागली. कुजलेली मेथी उपटली, कोथिंबीर टोचली. बायकांत बसून ती शेंगा निवडायची. समोरच्या वहिनींच्या सुनेला दिवस गेले होते, तिला काय खा, काय नको हे सांगायची. मी एकदा आशेने विचारलं, "जमल्या ना मैत्रिणी?"

"मैत्रिणी कशाच्या? कोथिंबिरीपुरती माणसं," ती म्हणाली. "जुडी हातात पडली की आपापलं दार लावून घेत्यात."

आणि दसरा जवळ येत चालला होता.

त्यात तिला ताप आला. साधाच वाटला, पण पेशी कमी झाल्या म्हणून डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलं. मी रजा टाकली. रिक्षात बसवताना ती इतकी गळून गेली होती की वॉचमनने आणि नवऱ्याने मिळून तिला धरलं. ते बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. पुढचे दिवस मी दवाखान्यातच होते, ग्रुपकडे बघायला वेळ नव्हता.

डिस्चार्ज मिळायच्या संध्याकाळी मी बिलाच्या रांगेत उभी होते आणि आप्पांचा फोन आला. त्यांच्या उरलेल्या तुकड्यात कुठलीशी शेड उभी राहणार होती, पाया खणताना चांगली काळी माती निघाली होती. ती वाया जाऊ नये म्हणून त्यांनी आख्खा हायवा डंपर भरून आमच्या बागेसाठी पाठवला होता. पण हायवा मागच्या बाजूला वळेना, म्हणून ड्रायव्हरने माती गेटाच्या आत, पार्किंगच्या वाटेवरच ओतली होती.

"तुमचा चेअरमन लई तापलाय," आप्पा म्हणाले. "उद्या दुपारपातूर उचला, न्हाईतर जेसीबी लावून भाईर टाकतो म्हंतोय."

"एवढी माती कोण उचलणार, आप्पा? आमच्यात चौघं येतात."

"सावड करा की."

"म्हणजे?"

"आगं, सावड! आज समद्यांनी माझ्या रानात राबायचं, उद्या समद्यांनी तुझ्या. आमी आशीच शेती केली. टाक तुझ्या त्या मोबाइलात."

रांग पुढे सरकली होती, मागचा माणूस "ताई, चला" म्हणत होता. मी एका हाताने टाइप केलं : 'उद्या सकाळी सात वाजता सावड आहे. मातीला सर्वांनी यावे ही नम्र विनंती.'

आईला घरी आणलं तेव्हा अंधार पडला होता, खाली कुणी नव्हतं. तिला पेज पाजून झोपवल्यावर मी ग्रुप उघडला. या वेळी एकही अंगठा नव्हता. सगळ्यांनी हात जोडले होते. ओळीने जोडलेले हात. मला भरून आलं. वाटलं, आईच्या आजारपणातून घरी आलेय म्हणून लोक किती नम्रपणे हो म्हणताहेत. मी फोन चार्जिंगला लावला आणि झोपले.

सकाळी आई गाढ झोपेत होती. कपाळ गार लागलं. नवरा थर्ड शिफ्टहून यायचा होता. मी दार ओढून घेतलं आणि फावडं, घमेली घेऊन गेटावर गेले. मातीचा ढीग दवाने ओला झाला होता आणि तिथं चिटपाखरू नव्हतं. सात वाजून गेले तरी कुणी नाही. माझा इतका हिरमोड झाला की मी एकटीच दोन घमेली भरली. मग म्हटलं, दोघा-तिघांची दारं तरी वाजवू, आणि मागे वळले.

आमच्या बिल्डिंगखाली माणसंच माणसं होती. पुरुष पांढऱ्या शर्टात, डोक्यावर टोप्या. बायका डोक्यावरून पदर, ओढण्या घेऊन एका बाजूला. काही जण कंपनीच्या ड्रेसमध्येच, थर्ड शिफ्टहून थेट, ढिगाने वाट अडली म्हणून बाजूच्या गेटाने आलेले. सेक्रेटरी काकांच्या गाडीला बांबू आणि मडकं बांधलेलं होतं. कुणीतरी गेलंय, हे मला लांबूनच कळलं. आणि पुढच्या क्षणी मनात आलं, वर आई एकटी आहे. मी तिच्या कपाळाला हात लावला तेव्हा ते गार होतं.

घमेलं माझ्या हातून पडलं. मी धावले. "कोण गेलं? काय झालं?" मी विचारत होते आणि कुणी उत्तर देत नव्हतं. समोरच्या वहिनींनी मला कवटाळलं आणि त्या रडायलाच लागल्या. "किती गं चांगल्या होत्या! सूनबाईला म्हणाल्या होत्या, पहिली अंघोळ मीच घालणार."

मी वर जायला धडपडत होते आणि बायका मला धरून ठेवत होत्या. तेवढ्यात माझा नवरा मोटरसायकल तशीच टाकून आत आला. त्याला लाइनवरच एकाने सांगितलं होतं, "भावा, धीर धर, तुझ्या सासूबाई गेल्या." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला बघून तर माझी खात्रीच झाली.

मागे दोघं जण दबक्या आवाजात वाद घालत होते.

"पण माती आणि सावडणं एकाच दिवशी कसं असेल राव? सावडायचं तिसऱ्या दिवशी असतं."

"त्यांच्याकडे तशी पद्धत असेल. लातूरचे आहेत ते."

त्या वाक्याशी मी थांबले. सावडणं. चितेची राख आणि अस्थी गोळा करायच्या, ते सावडणं. मी काय लिहिलं होतं ते डोळ्यांपुढे आलं, आणि मी तोंड उघडणार तोच लिफ्टचं दार सरकलं.

आई बाहेर आली. गॅलरीतून तिने गर्दी पाहिली होती. अंगात त्राण नसताना, भिंतीला धरत, डोक्यावरून नीट पदर घेऊन ती खाली आली होती. कुणाकडे न बघता ती बायकांच्या घोळक्यात येऊन उभी राहिली आणि शेजारच्या बाईला हळूच म्हणाली,

"कोण गेलं बाई?"

ती बाई किंचाळली. तिच्या हातातला हार खाली पडला. मग सगळ्याच किंचाळल्या. वहिनी मला सोडून आईला जाऊन बिलगल्या आणि पुन्हा रडायला लागल्या, यावेळी हसत हसत. आई गोंधळून एकेकीकडे बघत होती.

"आवं, कुणाच्या मातीला आलाव, सांगा की!"

शेवटी माझा नवराच म्हणाला, "आई, तुमच्याच."

आप्पा तोवर फावडं खांद्यावर टाकून आले होते. हा सगळा प्रकार कळल्यावर ते जिन्याच्या पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. "आरं, मी सावड म्हणलो, तुमी सावडाया आला व्हय! शिकल्याली माणसं ना रं तुमी?"

मी सर्वांसमोर हात जोडले. सावड म्हणजे काय ते आप्पांनी सांगितलं, तेव्हा आईच पहिल्यांदा बोलली. "म्हंजी आमच्याकडचा वारंगुळा की!" मग माझ्याकडे वळली. "आन् तू गं? आपल्याकडं 'मातीला या' कधी म्हणतेत, ठावं न्हाई तुला? बी.एस्सी. केलीस ना?" माझी पदवी अशी भर सभेत निघाली.

पण तिची नजर माझ्यावर टिकत नव्हती. ती गर्दीकडे बघत होती. पांढरे शर्ट, कंपनीचे निळे ड्रेस, कुणाच्या कडेवर झोपलेलं मूल. बऱ्याच जणांना ती ओळखतही नव्हती. "समदी माझ्यासाठी?" तिने मला विचारलं. मी मान डोलावली. तिने पदराने तोंड पुसलं, जरा वेळ तसाच पदर धरून ठेवला.

सेक्रेटरी काका ओशाळून गाडीवरचे बांबू लपवत होते. "हे आता कुठंतरी लांब टाकून येतो," ते म्हणाले. तिरडीचे बांबू घरी कुणी ठेवत नाही.

"टाकताव कशाला?" आई म्हणाली. "घेवड्याला मांडव न्हाई. हुभे करा तिथं."

"अहो आजी, पण ते..."

"ज्याच्यापायी आणलेत ती मीच सांगालेय न्हवं? करा हुभे."

त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतली माणसं काळीभोर झाली. गेटापासून बागेपर्यंत रांग लागली आणि घमेली हातोहात पुढे सरकत गेली. लाइनवर काम करणारी माणसं, त्यांचा हात बसलेला. थर्ड शिफ्टवाल्यांना घरी जाऊन झोपा म्हटलं तर म्हणाले, "आज रात्रीची रजा काढलीय वहिनी, मयताची. आता झोपून कशी जाईल?" चेअरमन खाली उतरले ते रागावायला, पण तेही रांगेत सापडले. आई खुर्चीवर बसून होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारत होती, "बाबा, तू कोणत्या मजल्यावरचा? घरी कोण कोण हाय?" दुपारच्या आत ढीग संपला. ती वाट पाण्याने धुतली तीसुद्धा चेअरमननीच.

अंगात थोडी ताकद आल्यावर आईने सावड फेडायला सुरुवात केली. तिच्या मते ती माणसं जमाच तिच्यासाठी झालेली होती. माणसं राबली, आता आपण त्यांच्या दारात जाऊन राबलं पाहिजे. मी म्हटलं, "अगं, ते बागेसाठी राबले." ती म्हणाली, "ते नंतर. घरातनं निघाले ते कुणासाठी?" मग कुणाच्या घरी ती चकल्यांच्या भाजणीला बसली, कुणाची गोधडी शिवून दिली, कुणाचं पोर आई-बाप दोघं शिफ्टला असताना सांभाळलं. वहिनींच्या सुनेला मुलगी झाली. तिला रोज अंघोळ घालायला आई सकाळीच बाहेर पडायची आणि आमचा चहा आम्हीच करून घ्यायचो. मजले संपेनात. मी घाबरतच दिवस मोजत होते. दसरा होऊन गेला. तो विषय मी काढला नाही, आणि तीही बोलली नाही.

मामा मात्र ठरल्याप्रमाणे आला, ओळखीच्याची जीप घेऊन. आई घरात नव्हतीच. बाळाच्या मालिशला गेली होती. ती हाताला तेल तसंच घेऊन आली आणि भावाला बघून ओशाळली.

"अक्का, पिशवी भरली का?"

"ह्या हप्त्यात न्हाई जमायचं रे. अजून वरचे दोन मजले हायत."

"कसले मजले?"

तिने त्याला सगळं सांगितलं. तो भाकरी खाताना नुसता ऐकत होता. मध्येच माझ्याकडे बघून हसला. मग हात धुऊन त्याने खरं ते विचारलं, "म्हंजी येत न्हाईस तू."

मी स्वयंपाकघरात उगाच एक भांडं दोनदा धुतलं.

"पुढच्या खेपेला येशील तवा माझा पाटा-वरवंटा आण," ती म्हणाली. "ह्या पोरींच्या मिक्सरची चटणी काय खरी न्हाई."

"पाटा? लातूरहून? आन् तो वर कसा न्यायचा, लिफ्ट बसंल खाली!"

"तू आण तर. न्यायला हायत माणसं."

मामा जीपमध्ये बसला तेव्हा त्याच्याजवळ तिने घेवड्याच्या शेंगांची पिशवी दिली होती. त्याने काच खाली करून मला विचारलं, "ह्या त्याच बांबूवरच्या का गं?" मी हो म्हटलं. त्याने पिशवीत एकदा वाकून पाहिलं, एक कोवळी शेंग काढून तशीच दातांनी तोडली, आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चल."